गुडघ्यांचा नवस

९ ऑगस्ट

फेब्रुवारीनंतर इथे एक ओळही नाही. माफी मागावीशी वाटते, पण वही माझी, लिहिणारा मी, आणि वाचणाराही मीच. तेव्हा कोणी कोणाला माफ करायचं हे ठरत नाही. न लिहिण्याचं कारण साधं होतं. लिहायला बसलो असतो तर गुडघ्याबद्दल लिहावं लागलं असतं.

आज पोर्तोला डॉक्टर ग्रासा यांच्याकडे गेलो. त्यांनी पडद्यावर माझा उजवा गुडघा मोठा करून दाखवला. मधे जी फट असायला हवी ती नाही.

"काय काम करत होतात?" त्यांनी विचारलं.

"शाळेत इतिहास शिकवतो. त्याआधी फुटबॉल खेळायचो. बचावपटू होतो."

"अजून खेळता?"

"फक्त शनिवारी. म्हाताऱ्यांबरोबर."

"त्या सगळ्यांपेक्षा तुमचा गुडघा म्हातारा आहे," त्या म्हणाल्या.

सांधा बदलायचा. कोणीतरी आयत्या वेळी नाव मागे घेतल्यामुळे सप्टेंबरच्या अखेरची तारीख मिळाली. ती चुकली तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबायचं. दोन गोष्टी त्यांनी बजावल्या. ऑपरेशनच्या आधी त्या पायाच्या कातडीला ओरखडासुद्धा नको, नाहीतर त्या टेबलावर घेणार नाहीत. आणि ऑपरेशननंतर त्या गुडघ्यावर भार देऊन कधीही बसायचं नाही. "बागेत नाही, चर्चमध्ये नाही, पलंगाखालची चप्पल काढायलाही नाही," असं म्हणाल्या.

मी म्हटलं, मी चर्चमध्ये जातच नाही. त्या म्हणाल्या, मग उत्तम.

१० ऑगस्ट

आईला सांगितलं. ती स्वयंपाकघरात सूपसाठी कोबीची पानं चिरत होती. तिच्याइतकी बारीक पानं आमच्या आरेआल गावात कोणी चिरत नाही. तिने मान वर केली नाही.

"चालता येईल ना?"

"येईल. जिने चढेन, वर्गात उभा राहीन."

"आणि गुडघे टेकता येतील?"

"नाही. ते कायमचं बंद."

तिची सुरी थांबली. मग तिने विचारलं, "बूट आबिलियोकडे टांगणार का?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. आबिलियो माझ्याबरोबर बचावफळीच्या मध्यभागी खेळायचा. आता बंदरावर त्याचं कॅफे आहे. आमच्या शनिवारच्या संघातला जो कोणी खेळणं थांबवतो त्याचे बूट तिथे तुळईला टांगतात. मी म्हटलं, बहुतेक टांगावे लागतील.

"लिनो, बस जरा," ती म्हणाली.

मग तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. मी बावीस वर्षांचा असताना माझा हाच गुडघा मोडला आणि सर्जनने सांगितलं की हा पुन्हा खेळणार नाही, तेव्हा आई खडकावरच्या गियाच्या मारियामातेच्या चॅपलमध्ये गेली होती. तिथे नवस बोलली: याला पुन्हा खेळू दे, आणि याचा खेळ संपला की हा गुडघ्यांवर तुझ्याभोवती तीन फेऱ्या घालील.

"माझे गुडघे का? तुझे का नाही बोललीस?"

"मागितले तुझे. मग द्यायचे कोणाचे? शेजाऱ्याचे?"

"मी छत्तिसाव्या वर्षी खेळ सोडला. तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सोडलास कुठे? दर शनिवारी पिशवी घेऊन जातोस. तुझे बूट तुळईला नाहीत. मी येताजाता बघते ना."

म्हणजे माझी निवृत्ती वर्तमानपत्रात छापून आली, क्लबने ताट देऊन सत्कार केला, पण आईच्या हिशेबी ती झालीच नव्हती. मला हसू आलं. तिला आलं नाही.

"इतकी वर्षं माता थांबली?" मी विचारलं.

"थांबते. मधूनमधून आठवण द्यावी लागते."

मेणबत्ती वगैरे लावत असेल.

"आता मी अठ्ठ्याहत्तरची आहे," ती म्हणाली. "मी वर गेले की ती पहिल्यांदा हेच विचारणार. काय सांगू? डॉक्टरीण नको म्हणाली?"

मग ती पुन्हा पानं चिरायला लागली.

१३ ऑगस्ट

तीन दिवस विचार करतो आहे आणि विचार एकाच जागी फिरतो आहे. ऑपरेशनच्या आधी फेऱ्या घातल्या तर कातडी फुटणार आणि तारीख जाणार. ऑपरेशननंतर कधीच जमणार नाही. नाही म्हटलं तर आई काही बोलणार नाही, आणि तेच मला नको आहे.

शिवाय दुसरी अडचण. माझा विश्वास नाही. विश्वास नसताना गुडघ्यांवर फिरणं म्हणजे काय? खेळताना समोरचा आघाडीपटू माझ्या मागे निसटला की माझा हात आपोआप वर जायचा. ऑफसाइड आहे की नाही हे मला माहीत व्हायच्या आधी हात वर. पंचाला फसवायचा हेतू नसे. पण सत्य सांगायचाही नसे. आमच्या संघातला तिबुर्सियो म्हणायचा, दोतोरचा हात बघून लाइन्समन झेंडा उचलतो, कारण शिकलेला माणूस खोटं कशाला बोलेल. 'दोतोर' हे नाव मला पदवीमुळे पडलं. संघाच्या बसमध्ये मी परीक्षेची पुस्तकं वाचायचो आणि मागून संत्र्याच्या साली यायच्या.

चॅपलभोवती फिरणं हे तसंच हात वर करणं होईल का?

१७ ऑगस्ट

आज शनिवार. खेळलो नाही, बाहेर बसून पाहिलं. नंतर आबिलियोकडे नेहमीचं जेवण: भाजलेले सार्डिन, मक्याचा पाव, वाइन. गुडघ्याचं आणि नवसाचं दोन्ही सांगून टाकलं. इथे काही लपत नाही. आईने मासळीबाजारात सांगण्याआधी आपण सांगितलेलं बरं.

तिबुर्सियो आमचा डावा बॅक होता. आता गाडीवर मासे विकतो. तो म्हणाला, "तीन फेऱ्या ना? एक तू, एक मी, एक आबिलियो. बचावफळी कशासाठी असते?"

"तुझं पोट जमिनीला टेकेल, गुडघे टेकायच्या आधी," आबिलियो म्हणाला.

"तुझं काय, तू तर चाळीस वर्षं मैदानात एका जागी उभा. सवय नाही तुला सरकायची."

"मी उभा होतो म्हणून तू पुढे पळायचास, गाढवा. तुझ्यामागे कोण होतं?"

"दोतोर होता."

हे खरं आहे. त्यावर तिबुर्सियोने माझ्या ताटातला सार्डिन उचलला.

मी आईला विचारायचं कबूल केलं. संध्याकाळी विचारलं. ती म्हणाली, "तिबुर्सियोचे गुडघे मी कधी मागितले नव्हते."

२१ ऑगस्ट

फादर आन्सेल्मोंकडे गेलो. आई बरोबर आली, मी नको म्हटलं तरी.

फादरनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "देओलिंदा, दुसऱ्याच्या गुडघ्यांचा नवस बोलता येत नाही. चर्चचा नियम आहे. ज्याने बोलायचं त्याने स्वतःचं बोलायचं. हा नवस तुझ्या मुलाला बांधत नाही."

"फादर, तेव्हा ते माझेच होते," आई म्हणाली. "लहानपणी पडला की कोण चोळायचं? ऑपरेशननंतर कापूर लावून वर्षभर कोण चोळत होतं? तुम्ही?"

"मी तेव्हा शाळेत होतो, देओलिंदा."

"तेच म्हणते."

फादरनी डोकं खाजवलं. "बरं. मग मी नवस बदलून देतो. मला तसा अधिकार आहे. फेऱ्यांऐवजी मातेच्या यात्रेच्या दिवशी मिस्साच्या प्रार्थनेला ये, गरिबांना काही दे, आणि झालं."

"मातेला विचारलंत?"

"देओलिंदा..."

"मी तिला एक सांगितलं आणि तुम्ही तिला दुसरं देणार. दुकानात चालतं का असं?"

बाहेर आल्यावर फादर मला बाजूला घेऊन म्हणाले, "लिनो, नियमाने तू मोकळा आहेस. पण मी तुझ्या जागी असतो तर घरी जाऊन हे वाक्य बोललो नसतो."

बोललो नाही.

२६ ऑगस्ट

जुन्या कात्रणांची पेटी काढली. शाळा उघडायला अजून वेळ आहे आणि हात रिकामे आहेत.

माझी कारकीर्द कागदावर पातळ दिसते. आरेआलच्या क्लबातून सुरुवात. मग ब्रागाजवळच्या एका क्लबात, पहिल्या श्रेणीत. दुसऱ्याच मोसमात पावसाळी मैदानावर गुडघा मोडला. कोणी मारलं नव्हतं. मी वळलो आणि पाय वळला नाही. वर्ष वाया गेलं. मग परत उभा राहिलो आणि बारा-तेरा वर्षं खेळलो, नेहमी मधल्या दर्जाच्या संघांतून. एकदा राष्ट्रीय संघाच्या शिबिराला बोलावणं आलं. आठवडाभर सराव केला, सामन्यात बाकावर बसलो, जर्सी घडी करून घरी आणली. शेवटी सायप्रस, जिथे आमच्यासारखे खूप जण म्हातारे व्हायला जातात. तिथून घरी.

गोल फक्त चार. तेही डोक्याने, कॉर्नरवर.

कात्रणांत माझं नाव बहुतेक वेळा एखादी चूक झाली असेल तिथे आहे. बचावपटूचं तसंच असतं. जे झालं नाही ते कोणी लिहीत नाही. आमच्या कामातला मोठा भाग म्हणजे मागून झाकणं. तिबुर्सियो पुढे गेला आणि चुकला, की त्याची मोकळी जागा मी जाऊन धरायचो. प्रेक्षकांचं लक्ष चेंडूकडे, प्रशिक्षकाचं घड्याळाकडे. ज्याच्यासाठी धावलो त्यालासुद्धा बहुतेक वेळा कळायचं नाही. त्याला वाटायचं, समोरच्याचा पास चुकला. यात मोठेपणा नाही. ते न करणारा मध्यभागी टिकतच नाही. पण कधीकधी मी विचार करतो की मला कोणी असं झाकलं का. आठवत नाही. गोलरक्षक सोडला तर माझ्यामागे कोणी नव्हतं.

गुडघा कशाने बरा झाला हेही मी तेव्हा नीट तपासलं नाही. सर्जन चांगला होता. वाळूत धावण्याचा व्यायाम मी रडत का होईना केला. आईने चोळलं. आणि नवस. यातलं एक काढून घेतलं असतं तर काय झालं असतं, हे कळायला दुसरा गुडघा मोडावा लागला असता.

एक गंमत आठवली. मी बाहेर खेळत असताना दर सप्टेंबरला, इथल्या यात्रेच्या सुमारास आई फोन करायची. सायप्रसलासुद्धा. धाप लागलेली असायची. म्हणायची, "यंदाचं झालं. आता खेळ बिनधास्त." मी म्हणायचो, कशी झाली यात्रा? ती म्हणायची, गर्दी होती.

२९ ऑगस्ट

ठरवलं. फेऱ्या घालणार. यात्रेच्या दिवशी गर्दीत नाही, त्याआधी एखाद्या सकाळी. कारण लिहून ठेवतो म्हणजे नंतर स्वतःला दुसरं काही सांगता येणार नाही: विश्वास म्हणून नाही, आईला वर गेल्यावर उत्तर देता यावं म्हणून. हे कारण मातेला पुरेसं आहे का, ते तिने ठरवावं. हात वर करेन, झेंडा उचलायचा की नाही हे तिच्याकडे.

तारखेचं काय, हे अजून सुटलेलं नाही.

तिबुर्सियोला सांगितलं. तो म्हणाला, "कातडी फुटायला नको, एवढंच ना? मी कॉड मासा असा गुंडाळतो की ब्राझीलला पोचेपर्यंत त्याला वाटतं मी समुद्रातच आहे. तुझा गुडघा माझ्यावर सोड."

आईला विचारलं, गुंडाळलेलं चालेल का? थोडा विचार करून म्हणाली, "तिला गुडघे दिसतात. कापड दिसत नाही."

ती इतक्या खात्रीने हे कशावरून सांगते हे विचारायला हवं होतं.

५ सप्टेंबर

आज बायका चॅपल धुतात तो दिवस. आई दरवर्षी सगळ्यांच्या आधी, उजाडता उजाडता जाते. सुट्टी असल्यामुळे मी या वेळी बादली आणि ब्रश घेऊन पायऱ्यांपर्यंत सोबत गेलो. ओहोटी होती, खडक उघडे पडले होते.

"तू जा आता," ती म्हणाली.

"पाणी भरून देतो."

"मी भरेन. तू पाव घे, संपेल."

पाव घेऊन परत आलो तेव्हा ती शेवटच्या पायरीवर बसली होती. मोजे दोन्ही गुडघ्यांवर फाटलेले, डावीकडे थोडं रक्त. मी रागावलो. गेल्या नाताळात मी तिला लांब दांड्याचा पोछा आणून दिला होता, तो अजून कपाटामागे प्लास्टिकमध्ये आहे. गुडघ्यांवर बसून फरशी घासायचं हे वय आहे का? ती म्हणाली, पोछ्याने कोपऱ्यातलं निघत नाही.

बादली कोरडी होती, ब्रशही. धुऊन झटकून ठेवला असावा. तिचं सगळं काम असं नेटकं.

घरी आल्यावर तिने माझी कापराच्या मलमाची डबी मागितली. मी म्हटलं, अख्खी ठेव. तिच्या खोलीतून दिवसभर कापराचा वास येत होता, आणि मला माझं ते वर्ष आठवत होतं.

७ सप्टेंबर

बूट टांगले. आईच्या मते ते आधी व्हायला हवं. खेळ संपल्याशिवाय नवस लागू होत नाही.

शेवटची दहा मिनिटं खेळलो, उभ्याउभ्याच. एकदा चेंडू माझ्याकडे आला आणि मी तो बाहेर मारला. तिबुर्सियो ओरडला, "बघा, शेवटपर्यंत शैली सोडली नाही."

कॅफेत आबिलियो शिडीवर चढला. वरून बूट हातात घेऊन म्हणाला, "धुतलेस? आयुष्यात पहिल्यांदा?"

"आईने धुतले."

"तरीच."

आई दारातून बघत होती. कॅफेत ती कधी आत येत नाही. बूट तुळईला लागले तसं तिने क्रॉसची खूण केली आणि निघून गेली. तिबुर्सियो म्हणाला, मेलेल्याला करतात तशी केली. मला तसं वाटलं नाही. सुटलेल्याला करतात तशी होती.

१० सप्टेंबर

झालं. किंवा झालं असं आई म्हणते. क्रमाने लिहितो.

सकाळी तिबुर्सियो गाडी घेऊन आला. त्याने दोन्ही गुडघ्यांना आधी पातळ प्लास्टिक, मग कापूस, मग गोलरक्षकाच्या जुन्या पट्ट्या, वरून पुन्हा प्लास्टिक असं काही केलं. मासळीचा वास येत होता. वर सैल विजार. मी चाललो तेव्हा आबिलियो म्हणाला, दोतोर, तू जन्मात इतका सरळ चालला नाहीस.

चॅपलजवळ मेणबत्त्या विकणारी एर्मेलिंदा नुकतीच टपरी उघडत होती. आम्हाला बघून आईला म्हणाली, "यंदा दोघं का, देओलिंदा?"

"यंदा तोच," आई म्हणाली.

किती मेणबत्त्या हव्यात असं ती विचारत असावी. घेतली मात्र आईने एकही नाही.

गुडघे टेकले. पहिली गोष्ट कळली ती ही की मी हे चॅपल लहानपणापासून बघतो आहे आणि कधी या उंचीवरून पाहिलं नव्हतं. भिंतीच्या खालच्या भागाला मीठ चढलं आहे. दगड एकसारखे नाहीत. उजवा गुडघा टेकला की आत काहीतरी किरकिरतं, दार गंजल्यासारखं. मित्र मागे थांबले. आई माझ्या बाजूने चालत होती, हळू, एक हात भिंतीला.

"कोपऱ्यावर डावा आधी टाक. तिथला दगड उंच आहे."

टाकला.

"आता समुद्राच्या बाजूला शेवाळ आहे. भिंतीत कडी आहे बघ, खाली. ती धर."

होती. गंजलेली, हातांनी गुळगुळीत झालेली, माझ्या खांद्याच्या उंचीवर. उभ्या माणसाला ती दिसतही नाही. इतकी वर्षं फरशी पुसून तिला एकेक दगड पाठ आहे.

"मागच्या बाजूला थांबलास तरी चालतं. ती मोजत नाही तिथे."

पहिली फेरी पुरी झाली. दुसरी सुरू केली आणि समुद्राच्या बाजूच्या कोपऱ्यावर पाय अडकला, म्हणजे सांधाच अडकला. कडी धरून राहिलो. पुढे नाही, मागे नाही. तिबुर्सियो येऊ लागला तर आईने हात करून थांबवलं. माझ्या कपाळावरचा घाम तिने डोक्याच्या रुमालाच्या टोकाने पुसला.

"पुरे," ती म्हणाली. "ऊठ."

"अजून दुसरी व्हायची आहे. आणि तिसरी."

"उरलेल्या झाल्यात."

"कधी झाल्या?"

"तुला काय करायचंय? तुझी एक हवी होती ती झाली. ऊठ, जखम झाली तर ती डॉक्टरीण ओरडेल."

दोघांनी मला उचललं. मी म्हटलं, आई, मी पुन्हा प्रयत्न करतो, श्वास घेऊ दे. खरंच करणार होतो. ती चॅपलच्या दाराकडे तोंड करून आत बघत उभी राहिली, हिशेब पटवून देत असल्यासारखी, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलं तिने. चल, भूक लागली."

परत येताना ती गाडीत पुढच्या सीटवर बसून झोपली. तिला मी दिवसा झोपलेलं कधी पाहिलं नाही.

फादर आन्सेल्मोंच्या बोलण्याचा शेवटी परिणाम झाला असावा. नवस बदलता येतो हे तिने मनातल्या मनात मान्य केलं आणि तीनची एक केली. तिच्यासारख्या बाईने असं करणं ही मोठी गोष्ट आहे. माझ्यासाठी तिने नियम वाकवला. याचं मला थोडं वाईट वाटतं. तीन बोलल्या होत्या तर तीन व्हायला हव्या होत्या. अपुरं राहिलेलं काम माझ्या नावावर राहिलं.

पट्ट्या काढल्या. कातडी लाल, फुटलेली नाही. तिबुर्सियोने माझ्या गुडघ्याला मासळी विकणाऱ्याच्या नजरेने बघितलं आणि म्हणाला, "ताजा आहे."

२५ सप्टेंबर

उद्या दवाखान्यात दाखल. परिचारिकेने आज पाय तपासला. काही खटकलं नाही तिला. तारीख कायम.

आईने पिशवी भरली. मोजे, दाढीचं सामान, आणि मी न मागता कापराची डबी. जवळजवळ रिकामी. कधी संपली?

४ ऑक्टोबर

बसून लिहिता येतं आहे. ऑपरेशन ठीक झालं असं सगळे म्हणतात. मला अजून तो पाय माझा वाटत नाही. काल वॉर्डात पहिल्यांदा कुबड्यांवर दारापर्यंत गेलो.

शिकवणारी फिजिओथेरपिस्ट सुझेते नावाची आहे, बोलायला तिखट. माझ्याबद्दल तिला माहिती नव्हती. आईने सांगितलं, हा देशासाठी बाकावर बसला होता. सुझेते म्हणाली, मग आता उठायला शिकूया.

आज दुपारी एक गोष्ट घडली. माझी चप्पल पलंगाखाली सरकली. मला वाकायची मनाई, म्हणून आई वाकली. खाली गेली आणि वर येता येईना. पलंगाची कड धरून, तोंडातून आवाज न काढता, ती तिथेच राहिली. सुझेतेने तिला उचलून खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "काकू, बघू तुमचे गुडघे."

"माझे कशाला? पेशंट तो आहे."

"बघू तर."

आईने मोजे खाली केले. मी तिचे गुडघे असे उजेडात कधी पाहिले नव्हते. कातडी तळपायासारखी जाड, काळी, त्यावर जुने पांढरे व्रण, एकावर एक. सुझेतेने बोटांनी दाबून पाहिलं.

"हे काय काम करता तुम्ही?"

"फरशी," आई म्हणाली.

मी सुझेतेला सांगितलं की मी हजारदा सांगितलं आहे, पोछासुद्धा आणून दिला आहे, पण ही ऐकत नाही. सुझेतेने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आई खिडकीबाहेर बघत होती.

"यांचे दोन्ही तुमच्या जुन्या गुडघ्यापेक्षा वाईट आहेत," सुझेते मला म्हणाली. "कधीपासून?"

आईच उत्तरली. "हा पडला होता ना, त्या वर्षापासून."

मला वाटतं तेव्हा तिने माझ्या सेवेत स्वतःकडे दुर्लक्ष केलं आणि ते दुखणं मागे लागलं. वर्षभर माझ्या पलंगाशेजारी खाली बसून ती पाय चोळायची, थंड फरशीवर. तसंच असणार. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही याची लाज वाटते.

जाताना ती दाराशी थांबली आणि माझ्या नव्या गुडघ्यावरून, पट्टीवरूनच, हात फिरवला. म्हणाली, "आता कोणाचं काही देणं नाही. छान वाटतं."

मग बस पकडायला गेली, जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी बाजूने उतरत. मी कुबड्यांवर दारात उभा राहून बघत होतो आणि तिच्यापर्यंत पोचू शकत नव्हतो.

उद्या: आईच्या गुडघ्यांसाठी डॉक्टर ग्रासांची वेळ घेणे.